किती हिरवे, कोणते हिरवे

१९७५ साली ह्यू लॅम्प्री हे परिसंस्थाशास्त्रज्ञ छोट्या विमानातून उत्तर सुदानवरून फिरले. वाळवंट कुठे संपते आणि झुडपे कुठून लागतात, याच्या खुणा ते नकाशावर करत गेले. ही नवी रेषा त्यांनी १९५८च्या वनस्पती-नकाशावरच्या रेषेशी ताडून पाहिली, तेव्हा सतरा वर्षांत सहारा ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकल्याचे दिसले. वर्षाला साडेपाच किलोमीटर हा हिशोब तिथूनच निघाला आणि पुढे कितीतरी अहवालांत, भाषणांत उतरत गेला. सहारा दरवर्षी एवढा पुढे येतो, असे लोक ठामपणे सांगू लागले.

आकडा धडकी भरवणारा होता, पण तो उभा होता दोनच वर्षांच्या आधारावर. पन्नासच्या दशकात सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात पाऊस चांगला झाला होता. १९६८पासून तिथे ओळीने दुष्काळ पडले, गुरे मेली, माणसे गावे सोडून निघाली. सुबत्तेच्या काळातली रेषा एका बाजूला आणि दुष्काळाने पोळलेल्या प्रदेशातली रेषा दुसऱ्या बाजूला ठेवली, तर अंतर दिसणारच. ते अंतर कायमचे की पावसाबरोबर कमीजास्त होणारे, हे कळायला मधली वर्षे हवी होती. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या उल्फ हेल्देन यांनी ऐंशीच्या दशकात सुदानमध्ये पुन्हा शोध घेतला, तेव्हा सतत पुढे सरकणारी वाळवंटाची कड त्यांना आढळली नाही. वाद मिटवायचा तर सबंध खंड, वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने पाहणारा डोळा हवा होता. विमानाला हे काम झेपणारे नव्हते.

असा डोळा तोवर आकाशात पोचलाही होता, पण वेगळ्याच कामासाठी. त्याच्याकडे वळण्याआधी पान उन्हाचे काय करते ते पाहू.

उन्हातला तांबडा आणि निळा प्रकाश पानातले हरितद्रव्य शोषून घेते आणि त्या ऊर्जेवर झाडाचे अन्न तयार होते. हिरवा प्रकाश त्या मानाने जास्त परत फिरतो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. तांबड्याच्या पलीकडे निकट-अवरक्त किरण असतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि पानालाही अन्न बनवायला उपयोगी पडत नाहीत. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांत ते विखुरतात आणि जवळजवळ निम्मे बाहेर परततात. म्हणजे अवरक्तात पाहिले तर भर उन्हातले हिरवे शेत लख्ख उजळलेले दिसेल. पान रोगट झाले किंवा सुकले की दोन्हीकडे फरक पडतो : तांबडा प्रकाश जास्त परततो, अवरक्त कमी.

भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात याच गुणावर झाली. १९७०च्या सुमारास केरळात माडांना मुळांचा मर रोग लागला होता. पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून, अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या रंगीत फिल्मवर, नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी झाडे त्या फिल्मवर लालबुंद उठली आणि रोगट झाडे फिकी. आपला स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सुटला.

अमेरिकेने मात्र २३ जुलै १९७२ रोजीच पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्यावर तांबडा आणि निकट-अवरक्त प्रकाश वेगवेगळा मोजणारे यंत्र होते आणि ते घडवले होते व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंत्या बाईंनी. टेक्सासमधले जॉन राऊस आणि त्यांचे सहकारी या मोजमापांवरून अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांचा अभ्यास करत होते. मैदाने दक्षिणोत्तर पसरलेली, त्यामुळे दक्षिणेला सूर्य वर आणि उत्तरेला तिरपा. गवत सारखेच असले तरी परतणाऱ्या प्रकाशाचा आकडा जागेगणिक बदलायचा. यावर त्यांनी काढलेला उपाय शाळकरी मुलालाही समजेल इतका सरळ आहे. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचे. उन्हाचा कमीजास्तपणा भागाकाराच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असल्यामुळे बराचसा कटून जातो.

समजा, जोमदार पिकाने पन्नास टक्के अवरक्त आणि आठ टक्के तांबडा प्रकाश परत पाठवला. पन्नासातून आठ गेले बेचाळीस, त्याला अठ्ठावन्नने भागले की सुमारे ०.७२. उघड्या जमिनीने तीस टक्के अवरक्त आणि पंचवीस टक्के तांबडा परतवला, तर पाच भागिले पंचावन्न, म्हणजे ०.०९. पाण्यावर उत्तर शून्याच्याही खाली जाते. या आकड्याला 'एनडीव्हीआय' म्हणतात. आपण नुसते निर्देशांक म्हणू. गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वीवरच्या वनस्पतींबद्दल आकाशातून जे काही सांगितले गेले, त्यातले बहुतेक या एका वजाबाकी-भागाकारावर उभे आहे.

लँडसॅटची नजर तीक्ष्ण होती, पण तो एका जागेवर अठरा दिवसांनी यायचा आणि त्या दिवशी ढग असले की पुन्हा अठरा दिवस. याउलट अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेचे हवामान उपग्रह रोज सगळी पृथ्वी पाहत. ढग, बर्फ आणि समुद्राचे तापमान मोजण्यासाठी त्यांच्यावर बसवलेल्या यंत्रात तांबडा आणि निकट-अवरक्त हे दोन्ही पट्टे होते. त्याच्या नजरेला सुमारे एक किलोमीटरच्या आतले काही दिसत नसे आणि जगभराची साठवलेली चित्रे तर चार किलोमीटरच्या चौकटींची होती. शेत, झाड, ओढा काही ओळखू येणार नाही. पण खंड पाहायला शेत ओळखू यावे लागत नाही, हे नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या कॉम्प्टन टकर यांनी ओळखले. १९८१पासूनची ही मोजमापे त्यांनी चिकाटीने जमा केली. १९८५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध आफ्रिकेचा वनस्पती-नकाशा या आकड्यांवरून प्रसिद्ध केला. दुसऱ्या कामासाठी पाठवलेल्या यंत्राकडून एवढे मोठे काम करून घेतल्याची उदाहरणे विज्ञानात थोडी आहेत.

१९९१ साली टकर यांनी सहाराचा हिशोब मांडला. १९८० ते १९८४ या काळात वाळवंटाची दक्षिण सीमा सरासरी २४० किलोमीटर खाली आली होती. १९८४ हे साहेलमधले भीषण दुष्काळाचे वर्ष. पुढच्या एकाच वर्षात, १९८५ मध्ये, ती ११० किलोमीटर उत्तरेला मागे गेली. त्यानंतरही ती कधी वर, कधी खाली. ज्या प्रदेशात एका वर्षात शंभर किलोमीटरचा फरक पडतो, तिथे कोणतीही दोन वर्षे उचलून दरवर्षीचा वेग सांगता येत नाही. पुढे पाऊस सुधारला तसा साहेलचा बराच भाग हिरवा होत गेला. नायजर देशाच्या मराडी आणि झिंडेर भागांत तर शेतकऱ्यांनी शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे न तोडता वाढू दिले आणि लाखो हेक्टरांवर झाडे परत आली. ही झाडे कोणत्याही सरकारी लागवडीत लावलेली नव्हती.

याच नोंदींतून १९९७ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट पुढे आली. बोस्टन विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रंगा मायनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की १९८१ ते १९९१ या काळात उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत वनस्पतींच्या वाढीचा हंगाम सुमारे बारा दिवसांनी लांबला होता. कॅनडा, सैबेरियात वसंत लवकर येऊ लागला होता. तापमानवाढीचा हा पुरावा झाडांच्या पानांनीच दिला होता.

एवढा मोठा दावा करताना यंत्रावर किती विश्वास टाकायचा? या प्रश्नावर शास्त्रज्ञांची उमर गेली आहे. ढग निर्देशांक खाली ओढतात, म्हणून पंधरा-सोळा दिवसांतला सर्वांत मोठा आकडाच धरतात. कोकणात जुलै महिन्यात सोळा दिवसांत एकही निरभ्र दिवस मिळत नाही, तिथे हा उपायही लंगडा पडतो. १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीची धूळ वातावरणात उंच पसरली आणि जंगलाला काहीही झालेले नसताना आकडे घसरले. जुने नोआ उपग्रह दरवर्षी थोडे उशिरा, उतरत्या उन्हात पोचू लागले. सावल्या लांबल्या आणि आकडे बदलले. शिवाय यंत्रे म्हातारी होतात. १९९९च्या डिसेंबरात सुटलेल्या 'टेरा' उपग्रहावरच्या मोडिस या उत्तम यंत्राचीही संवेदनक्षमता हळूहळू उतरली, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत काही प्रदेश उगाचच सुकत चालल्यासारखे दिसत होते.

या सगळ्यांत ॲमेझॉनचा वाद मला सर्वांत शिकवणारा वाटतो. २००५ साली ॲमेझॉनमध्ये मोठा दुष्काळ पडला. २००७ मध्ये एका गटाने मोडिसच्या आकड्यांवरून जाहीर केले, की दुष्काळात जंगल सुकले तर नाहीच, उलट जास्त हिरवे झाले. कारणही पटण्याजोगे होते : ढग नाहीत म्हणून ऊन जास्त, मुळे खोल म्हणून पाणी पुरते. तीन वर्षांनी दुसऱ्या गटाने, ज्यात मायनेनीही होते, तेच आकडे ढग आणि धुराचे डाग काढून पुन्हा तपासले. हिरवेपणाची वाढ सापडली नाही. २०१४ मध्ये तिसऱ्या गटाने आणखी मुळाशी हात घातला. कोरड्या ऋतूच्या अखेरीस सूर्य उपग्रहाच्या जवळजवळ पाठीशी येतो, त्यामुळे झाडांच्या शेंड्यांमधल्या सावल्या यंत्राला कमी दिसतात आणि जंगल उजळल्यासारखे वाटते. मग कोरड्या ऋतूतली हिरवाई सगळी सावल्यांचीच किमया होती का? तसेही नव्हते. जंगलातल्या उंच मनोऱ्यांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी शेंड्यांची रोज छायाचित्रे घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कोरड्या ऋतूत झाडे जुनी पाने टाकून नवी पालवी घेतात आणि नुकतीच पक्व झालेली पाने जुन्यांपेक्षा जोमाने काम करतात. सातशे किलोमीटर उंचीवरून सुरू झालेला वाद झाडाच्या शेंड्यावरच्या कॅमेऱ्याने बराचसा सोडवला.

तंत्राइतकाच फरक एका प्रशासकीय निर्णयाने पडला. लँडसॅटचे एक चित्र पूर्वी सहाशे डॉलरला मिळे, त्याआधी तर हजारो डॉलरना. गरीब देशातला संशोधक एखाददुसरे चित्र घेऊन समाधान मानायचा. २००८ मध्ये अमेरिकेने १९७२पासूनचा सगळा साठा फुकट खुला केला. पाचच वर्षांनी मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा लाखांहून अधिक चित्रे एकत्र करून जगभरच्या जंगलांचा तीस मीटरच्या बारकाईचा नकाशा काढला. २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर झाडोरा गेला आणि ८ लाख चौरस किलोमीटर नव्याने आला, असा त्यांचा हिशोब होता. विकत घेऊन हे काम कोणालाही परवडले नसते.

ब्राझीलने याच चित्रांचा कारभारात उपयोग केला. तिथली अंतराळ संशोधन संस्था 'इन्पे' १९८८पासून ॲमेझॉनमधल्या जंगलतोडीचा वार्षिक आकडा देते. २००४ मध्ये ती तोड २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेली. त्याच वर्षी ताज्या तोडीचा ठावठिकाणा लगेच कळवणारी यंत्रणा सुरू झाली, वनरक्षकांना नेमके कुठे जायचे ते कळू लागले, आणि इतर उपायांची जोड मिळून २०१२ पर्यंत आकडा साडेचार हजारांवर आला. २०१९ मध्ये आकडे पुन्हा चढू लागले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे ठरवले आणि संस्थेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाव यांना पद सोडावे लागले. त्या वर्षाचा अंतिम आकडा दहा हजारांच्या वर गेला. गाल्व्हाव यांची बाजू खरी होती.

आता आपल्याकडे येऊ. २०१९ साली मायनेनींच्याच गटातल्या ची चेन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने भारतात मोठा आनंद पसरला. २००० ते २०१७ या काळात जगातल्या हिरव्या पानांचे एकूण क्षेत्र पाच टक्क्यांनी वाढले होते आणि या वाढीचा तिसरा हिस्सा एकट्या चीन आणि भारताचा होता. बातम्या झाल्या, अभिनंदने झाली. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा मात्र फारसा कोणी वाचला नाही. चीनमधल्या वाढीत ४२ टक्के वाटा जंगलांचा होता. भारतात जंगलांचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आत होता आणि पिकांचा ८२ टक्के. म्हणजे आपली हिरवाई ही दुसऱ्या-तिसऱ्या पिकाची, खतांची आणि बोअरवेलच्या पाण्याची. ती धान्य देते, म्हणून तिला कमी लेखायचे कारण नाही. पण तिला जंगल समजणे ही फसवणूक आहे. भूजल संपले की ती टिकणार नाही.

निर्देशांकाला हा फरक स्वतःहून कळत नाही. पाने दाट झाली की आकडा एका टप्प्यावर अडतो आणि पुढे वाढत नाही. ऐन भरातला ऊस आणि सदाहरित जंगल या आकड्यात शेजारी शेजारी बसू शकतात. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याही इथे ध्यानात ठेवावी : एक हेक्टरहून मोठी, दहा टक्के किंवा जास्त छत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात धरली जाते, मालकी कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. आमराई आणि रबराचा मळाही त्यात येतो. उलट सोलापूरजवळच्या नान्नजचे माळरान, माळढोकाचे घर, वर्षातले आठ महिने उपग्रहाला सुकलेले, पडीक दिसते. अशा माळावर झाडे लावली तर निर्देशांक चढेल आणि माळढोकाची जागा जाईल.

याच हिरव्या होत गेलेल्या वर्षांत काय गेले, ते २०२४ मध्ये समजले. कोपनहेगन विद्यापीठाच्या मार्टिन ब्रँट यांच्या गटाने भारतातल्या शेतांमधली झाडे एकेक करून मोजली. सुमारे साठ कोटी भरली. याच ब्रँट यांनी टकर यांच्याबरोबर आधी पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा-साहेलमध्ये १८० कोटी झाडे मोजली होती. भारतात त्यांना दिसले, की २०१०-११ मध्ये नोंदलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे अकरा टक्के २०१८पर्यंत नाहीशी झाली होती. त्यानंतर २०२२ पर्यंत आणखी पन्नास लाखांवर गेली. सर्वांत जास्त हानी झालेल्या भागांत तेलंगण आणि आपला महाराष्ट्र आहे. ही झाडे म्हणजे कडुनिंब, मोह, जांभूळ. सावलीने पीक दबते, झाडाचा फार फायदा नाही, बोअरचे पाणी आल्यावर मोकळे शेत हवे, अशी कारणे गावकऱ्यांनी सांगितली. गेलेल्या मोठ्या झाडाच्या छत्राचे क्षेत्र साधारण ९६ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची एक चौकट दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असते. आजोबांच्या काळातले झाड म्हणजे चित्रातली जवळजवळ एक चौकट, आणि सरासरीत ती कुठेच दिसत नाही.

सरासरीचा हा प्रश्न आता सरकारी निर्णयांतही आला आहे. २०१६च्या दुष्काळ संहितेपासून पावसाबरोबर उपग्रहाचा वनस्पती निर्देशांकही पाहिला जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच संहितेच्या निकषांवर. नुसत्या पैसेवारीपेक्षा ही पद्धत चांगली आहे, असे माझे मत आहे. पण तालुक्याच्या सरासरीत कालव्याखालचा ऊस कोरडवाहू तुरीला झाकून टाकू शकतो. म्हणूनच संहितेत दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहणी करण्याची अट आहे, आणि ती कागदावर उरकली जाऊ नये यासाठी शेतकऱ्यांनी आग्रही राहिले पाहिजे.

ढगांची अडचण आता रडारने सुटू लागली आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा नासा आणि इस्रोचा उपग्रह भर पावसाळ्यातही जमीन पाहू शकतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. ज्या महिन्यांत आपले खरीप उभे असते, नेमक्या त्याच महिन्यांत आजवरचे डोळे झाकलेले असत.

सेंटिनेल-२ची २०१५पासूनची चित्रे आजही कोणालाही फुकट पाहता येतात. आपल्या गावाचे मे महिन्यातले चित्र काढा. तेव्हा बरीचशी पिके निघालेली असतात आणि बांधावरची झाडे उठून दिसतात. दहा वर्षांपूर्वीचे मे महिन्यातलेच चित्र शेजारी ठेवा. जी चौकट तेव्हा हिरवी होती आणि आता नाही, तिथे पायी जाऊन पाहा, आणि ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत उरलेल्या झाडांची नोंद आहे का ते विचारा. नसेल तर करून घ्या.